एन्डोस्कोपीआधीचा घशातला स्प्रे: श्वास अडकल्यासारखं होतं का?

भित्रीभागू
गुरुवारी माझी पोटाची दुर्बीण आहे. डॉक्टरांनी दोन पर्याय दिलेत: नुसता घसा बधिर करणारा स्प्रे, किंवा शिवाय झोपेचं इंजेक्शन. इंजेक्शन घेतलं तर सोबत माणूस हवा आणि २४ तास गाडी चालवायची नाही. मी एकटी राहते, म्हणून नुसता स्प्रे सोयीचा. पण दात घासताना ब्रश जरा मागे गेला तरी मला उमासा येतो. घसाच बधिर झाला तर श्वास कसा घ्यायचा?

उंबरठा
दोनदा केली आहे, दोन्ही वेळा नुसत्या स्प्रेवर. आणि ब्रशच्या बाबतीत मी तुमचाच भाऊ.

स्प्रे लिग्नोकेनचा असतो. मला मारला त्याला केळ्याच्या इसेन्सचा वास होता, चव मात्र कडूजहर. मिनिटभरात जीभ जाड होते, घशात कापसाचा बोळा बसल्यासारखं वाटतं. पहिल्या वेळी मी घाबरलो तो इथेच. गिळता येतंय का हे बघायला सारखा आवंढा गिळत बसलो. गिळलेलं जाणवेना, म्हटलं आता श्वासही बंद पडणार! श्वास व्यवस्थित चालू होता. फक्त घशातून जाणारी हवा जाणवत नव्हती. दुसऱ्या वेळी आवंढ्याच्या वाटेलाच गेलो नाही, नाकाने श्वास घेत राहिलो.

'अजून एकदा मारा ना' असंही म्हणालो होतो. सिस्टर म्हणाल्या, मोजूनच मारायचा असतो, औषध रक्तात उतरतं.

उमासा शून्य होत नाही हं. नळी घशातून उतरताना मला दोन-तीन आलेच. ते काही सेकंद वाईट, खोटं कशाला सांगू. डाव्या कुशीवर झोपवतात, दातांत कडं देतात. लाळ गिळू नका, खुशाल गळू द्या. पोटात हवा भरतात तेव्हा फुगल्यासारखं होतं आणि ढेकरा येतात, त्यावर स्प्रेचा काही उपयोग नाही. माझं सगळं दहा मिनिटांच्या आत आटोपलं.

चहाबाज
बधिरपणा पूर्ण जाईपर्यंत पाणीसुद्धा नको. मी बाहेर आल्याआल्या घोट घेतला आणि असा ठसका लागला की विचारू नका. साधारण तासभर थांबा, मग आधी एक घोट गार पाणी. गरम तर नकोच, भाजलेलं कळत नाही.

भित्रीभागू
आवंढ्याचं लक्षात ठेवते. एक राहिलंच. दाताच्या इंजेक्शननंतर मला एकदा खूप धडधड झाली होती. ते औषध याच जातीचं ना?

उंबरठा
बहुतेक तेच. पण दाताच्या इंजेक्शनात पुष्कळदा अ‍ॅड्रिनलिन मिसळलेलं असतं आणि धडधड त्यानेही होते. स्प्रेत ते नसतं. तरी अंगावर पुरळ, ओठ सुजणं, दम लागणं असं काही झालं होतं का ते आठवा. झालं असो वा नसो, हा प्रसंग डॉक्टरांना आधीच सांगा, टेबलावर झोपल्यावर नाही. हृदयाचे ठोके अनियमित असतील, फिट्स येत असतील किंवा यकृताचा त्रास असेल तर तेही.

भित्रीभागू
पुरळ नव्हतं. उद्याच फोन करून सांगते.