मदत हवी: कॅलिब्रेशनची एनसी (नॉन-कन्फॉर्मिटी, म्हणजे ऑडिटमध्ये नोंदलेली त्रुटी) परत आली, रूट कॉजमध्ये (मूळ कारणात) काय लिहू?

इंटर्नल ऑडिटमध्ये ०-२५ मिमीचा मायक्रोमीटर (बारीक माप घेण्याचं उपकरण) कॅलिब्रेशनची, म्हणजे अचूकता तपासून घेण्याची, तारीख उलटलेला सापडला. लॅबने तपासल्यावर झीरो एरर (शून्यावरच दिसणारी चूक) +०.००८ मिमी निघाली. त्यावर २० मिमीचे शाफ्ट तपासतात (१९.९८७ ते २०.०००). 'मायक्रोमीटर बदलला, ऑपरेटरला ट्रेनिंग दिलं' असं लिहून दिलं, तर ऑडिटरने 'हे फक्त करेक्शन आहे' (झालेली चूक निस्तरली, कारण काढलं नाही) म्हणत परत केलं. क्लोज कशी करू?

उत्तर १
ऑडिटरचं बरोबर आहे. पण रूट कॉज नंतर, आधी माल बघा. आयएसओ ९००१:२०१५ च्या ७.१.५.२ नुसार उपकरण चुकीचं निघालं की आधीची मोजमापं ग्राह्य आहेत का हे ठरवावं लागतं.

मायक्रोमीटर ८ मायक्रॉन (०.००८ मिमी) जास्त दाखवत होता. म्हणजे १९.९८७ ते १९.९९४ रीडिंगचे शाफ्ट खरे १९.९७९ ते १९.९८६ चे: अंडरसाइज, तरी पास. १९.९९५ पासून पुढचे चालतील. मशीनचं सेटिंग मधल्या मापाला असेल तर अर्ध्याहून जास्त माल बाद धरा. उलटंही झालं असेल: खऱ्या मापाने १९.९९२ च्या वरचे चांगले शाफ्ट ओव्हरसाइज ठरून पुन्हा ग्राइंड झाले असतील. रीवर्कची नोंद काढा.

शेवटच्या खात्रीच्या तपासणीपासूनचा सगळा स्टॉक होल्ड करा. जे डिस्पॅच झालं ते ग्राहकाला कळवा. अंडरसाइजला ग्राइंडिंगचा उपाय नाही. स्क्रॅप, नाहीतर ग्राहकाचं लेखी कन्सेशन (आहे तसा माल घेण्याची परवानगी).

प्रश्नकर्ता
रीडिंग लिहिलेलीच नाहीत. चेकशीटवर नुसती 'ओके'ची टिक आहे.

उत्तर १
मग रीडिंगवरून चांगले-वाईट नग वेगळे काढता येणार नाहीत. होल्डवरचा प्रत्येक नग पुन्हा मोजा. आणि नुसती टिक ही वेगळी एनसी म्हणून नोंदवा, यातच कोंबू नका.

उत्तर २
रूट कॉज दोन आहेत, ते वेगळे लिहा.

तारीख का हुकली? ड्यू लिस्टमध्ये (कोणतं उपकरण कधी कॅलिब्रेट करायचं त्या यादीत) या मायक्रोमीटरचा नंबर आहे का बघा. बदली आलेलं उपकरण यादीत चढतच नाही, हे नेहमीचं. नसेल तर स्टोअरमधून उपकरण देण्याआधी यादीत नोंद सक्तीची करा, आणि बाकीची उपकरणंही यादीशी ताडून पाहा, आयएसओ ९००१ चं कलम १०.२ तेही मागतं.

चूक कळली का नाही? इथे कॅलिब्रेशनला दोष देऊन भागत नाही. लॅबमधून आल्यावर दुसऱ्याच दिवशी मायक्रोमीटर हातातून पडला तर स्टिकर वर्षभर हिरवाच राहणार. म्हणून शिफ्टच्या सुरुवातीला मायक्रोमीटरचे फेस (मापाची टोकं) पुसून, रॅचेटने (ठरावीक दाब देणाऱ्या मुठीने) बंद करून झीरो बघायचं, मग २० मिमीची स्लिप गेज (अचूक मापाचा ठोकळा) मोजायची. स्लिप गेज यासाठी की स्क्रू झिजला असेल तर झीरो बरोबर येऊनही २० ला फरक पडतो. फरक २ मायक्रॉनच्या वर गेला की मायक्रोमीटरला लाल टॅग (वापर बंद), आणि मागच्या तपासणीनंतरचा माल होल्ड. संशयित माल एका शिफ्टपुरता राहतो.

'ट्रेनिंग दिलं' काढून टाका. तपासणीची पद्धतच नव्हती, तर शिकवलं काय?

परिणामकारकता बघताना सह्या मोजू नका. शिफ्टच्या तोंडावर ५ मायक्रॉन मुद्दाम सरकवलेला मायक्रोमीटर टेबलावर ठेवा. उत्पादन सुरू होण्याआधी पकडला गेला तर एनसी क्लोज. नाही पकडला तर तिथेच काढून घ्या आणि फाइल उघडीच ठेवा.