पालकांसोबत करायच्या संशोधनाचं बजेट: 'लोकसहभाग' कुठे आणि कसा दाखवायचा?

पाऊलवाट:
शाळेत जाण्याआधीच्या वयाची मुलं आणि त्यांची कुटुंबं, असा १८ महिन्यांचा अभ्यास आहे. भागीदार दोन: एक विद्यापीठ, एक छोटी संस्था. प्रश्न ठरवण्यापासून निष्कर्ष काढण्यापर्यंत पालक सोबत असतील असं प्रस्तावात लिहिलंय. परीक्षकांनी तो परत पाठवला: सहभाग मजकुरात दिसतो, अंदाजपत्रकात दिसत नाही. आमच्याकडे 'समाजसंपर्क व बैठका' अशी एकच ओळ आहे. ती कशी फोडावी? मुलांना पैसे द्यावेत का?

हिशेबवही:
परीक्षकांचं म्हणणं रास्त आहे. ती ओळ काढूनच टाका.

आधी पालक-संशोधकांचं मानधन मनुष्यदिवसांत मांडा. ८ पालक, महिन्याला २ दिवस, १८ महिने म्हणजे २८८ दिवस. प्रशिक्षणाचे ५ दिवस धरले की आणखी ४०. एकूण ३२८. दर मात्र विद्यापीठ आपल्या क्षेत्र-संशोधकाला देतं तोच लावा. 'स्वयंसेवक' म्हणून शून्य लिहिलंत तर ज्यांना रोजंदारी बुडवणं परवडतं तेवढेच पालक उरतील.

प्रवास, दुभाषी आणि बैठकीच्या वेळी मुलं सांभाळणारी व्यक्ती, या तिन्ही ओळी वेगळ्या हव्यात. तिसरी हमखास विसरली जाते. मग ज्यांच्या घरी मुलाला बघायला कुणी नाही ते पालक गळतात, आणि अभ्यास तर त्यांच्यासाठीच असतो.

संस्थेलाही व्यवस्थापन खर्चाची टक्केवारी द्या. भाडं, हिशेबनीस आणि ऑडिट तिलाही चुकत नाही. ही टक्केवारी फक्त विद्यापीठाच्या खात्यावर दाखवणं अन्यायाचं आहे. सगळ्यात महत्त्वाचं, 'आधी खर्च करा, बिलं पाठवा, मग पैसे' ही अट संस्थेवर लादू नका. तिच्याकडे गंगाजळी नसते, त्यामुळे एक हप्ता लांबला की पालकांचं मानधन थकतं आणि विश्वास तिथेच तुटतो. तिमाही आगाऊ हप्ता करारातच लिहून घ्या.

ओंजळ:
वेळेचंही बजेट असतं. पहिले ४ महिने माहिती गोळा करायची नाही असं ठरवा. त्या काळात प्रश्न ठरवा, करार लिहा, नीतिसमितीची (संशोधनात सहभागींना इजा किंवा अन्याय होत नाही ना हे तपासणाऱ्या समितीची) मंजुरी घ्या. माहिती कुणाच्या मालकीची, ती कुठे राहील, छापण्याआधी कोण वाचेल, हे करारात हवंच. कॅनडातल्या फर्स्ट नेशन्स या आदिवासी समुदायांनी १९९८ मध्ये मालकी, नियंत्रण, उपलब्धता आणि ताबा अशी चार तत्त्वं मांडली. ती त्यांच्या समुदायांसाठी आहेत, पण हे चार प्रश्न कुठल्याही करारात विचारावेत असेच आहेत.

मुलांबद्दल: प्रवास आणि खाणं यांचा खर्च भरून द्याच. त्यावर आभार म्हणून छोटी वस्तू किंवा अल्प रक्कम चालेल, पण मूल मध्येच उठून गेलं तरी ती द्यायची. नाहीतर 'केव्हाही थांबू शकतोस' हे वाक्य पोकळ ठरतं. पालकांची संमती पुरेशी नाही, मुलाचा होकार वेगळा घ्या. इतक्या लहान वयात तो तोंडी असतो. मूल पाठ फिरवून बसलं, रडलं, तर तो नकारच समजा. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारातलं (१९८९) १२ वं कलम मुलाचं मत ऐकण्याबद्दलच आहे.

'कुणालाही सांगणार नाही' असं वचन मात्र देऊ नका. छळाची गोष्ट समोर आली तर ती पुढे कळवावी लागते. कुणी, कुणाला, किती वेळात कळवायचं ते आधी लिहून ठेवा आणि समुपदेशकाचे तास बजेटमध्ये धरा.

हिशेबवही:
दोन गोष्टी राहिल्या. तासाभराची मुलाखत उतरवून काढायला साधारण ४ ते ६ तास लागतात, भाषांतर त्याहून वेगळं. ३० मुलाखतींचे १२० ते १८० तास झाले.

दुसरी गोष्ट सर्वेक्षणाची. एकाच वस्तीतली कुटुंबं एकमेकांसारखी असतात, त्यामुळे नमुना वाढवावा लागतो. प्रत्येक वस्तीत २० कुटुंबं आणि अंतर्गत सहसंबंध (एका वस्तीतली कुटुंबं एकमेकांसारखी किती, याचं माप) ०.०५ धरला तर नमुना १ + (२० − १) × ०.०५ = १.९५ पट लागतो. म्हणजे साध्या यादृच्छिक (वस्त्या न पाहता चिठ्ठ्या टाकल्यासारख्या) निवडीत ४०० कुटुंबं पुरली असती, तिथे आता ७८० लागतील. हे उशिरा लक्षात आलं की कात्री सहभागाच्या ओळींनाच लागते.

पाऊलवाट:
काही पालकांना सरकारी मदत मिळते. मानधनामुळे ती बंद होऊ शकते का?

ओंजळ:
उत्पन्नाची मर्यादा असलेल्या योजनेत होऊ शकते. नेमणुकीआधी प्रत्येकाशी एकट्यात बोला, योजनेचे नियम तपासा. रक्कम कमी घ्यायची, हप्त्यांनी घ्यायची की नाकारायची, हे त्या पालकाने ठरवायचं.