मदत हवी आहे: प्रवासासाठी आणि बॅकअपसाठी लॅपटॉप

महिन्यातून दोन-तीनदा कामासाठी पुणे, नाशिक आणि अहमदाबादला जावं लागतं. ऑफिसात डेस्कटॉप आहे, पण गेल्या महिन्यात तो ऐन जीएसटी रिटर्नच्या आठवड्यात बंद पडला आणि चार दिवस सगळं अडकलं. त्यामुळे लॅपटॉप असा हवा की गरज पडली तर डेस्कटॉपचं सगळं काम त्यावर चालेल.

काम टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर), मोठ्या एक्सेल फाइल्स आणि व्हिडिओ कॉलचं. टॅलीमुळे विंडोजच हवं, मॅकबुक सुचवू नका. बजेट ६५,००० पर्यंत, बिल जीएसटी नंबरवर. वजन दीड किलोच्या आत, कारण सकाळच्या लोकलमध्ये बॅग पोटाशी धरून उभं राहावं लागतं. टाइप-सी चार्जिंग हवंच, म्हणजे फोन आणि लॅपटॉपला एकच चार्जर पुरेल. गेमिंग नाही.

मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर मार्केटमध्ये दोन चकरा झाल्या. बऱ्याच नव्या हलक्या मॉडेल्समध्ये रॅम बोर्डलाच सोल्डर केलेली, नंतर वाढवता येत नाही. रिफर्बिश्ड (वापरलेले, तपासून-दुरुस्त करून विकलेले) लेनोवो थिंकपॅड आणि डेल लॅटिट्यूड स्वस्त आहेत, कीबोर्डही उत्तम, पण बॅटरी किती वापरलेली आहे याची मला धास्ती वाटते.

पाच वर्षं वापरायचा असेल तर सोल्डर केलेली १६ जीबी रॅम पुरेल का? आणि रिफर्बिश्ड घेतलाच, तर दुकानातच बॅटरी नेमकी कशी तपासायची?