तीन देश, तीन नंबर आणि एक ओटीपी: पैसे पाठवणं आणि फोन कसं सांभाळता?

सामान_बांधतेय

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितेय पण प्रश्न एकात एक अडकलेत म्हणून सगळंच सांगते. गेली सहा वर्षं मी परदेशात नोकरी करतेय, आईबाबा मूळ देशात, आणि आता पुढच्या महिन्यात कंपनी मला तिसऱ्याच देशात पाठवतेय, निदान दोनतीन वर्षांसाठी. म्हणजे तीन देश, तीन चलनं, तीन नंबर. मूळ देशातला नंबर मी आत्तापर्यंत कसाबसा जिवंत ठेवलाय, ते सिम पासपोर्टच्या कव्हरच्या आतल्या बाजूला चिकटपट्टीने लावलेलं असतं, बँकेचं काम निघालं की पिन शोधायची, ट्रे उघडायचा, सिम बदलायचं, नेटवर्क धरेपर्यंत थांबायचं आणि ओटीपी येईतो त्याची मुदत संपलेली, की परत पहिल्यापासून सुरू.

मागच्या महिन्यात बाबांचं ऑपरेशन ठरलं. तिकडच्या खात्यात माझे पैसे होते, म्हटलं तिथूनच भरू, सिम घातलं तर नेटवर्कच नाही. रिचार्ज संपून किती दिवस झाले लक्षातच आलं नव्हतं, आणि ऑपरेटरच्या ॲपमध्ये शिरायला ओटीपी त्याच नंबरवर! शेवटी आईने तिकडून माझ्या नंबरवर रिचार्ज मारला आणि नंबर वाचला, पण दुसऱ्या दिवशी. तोवर घाबरून मी इकडच्या बँकेतून पैसे पाठवून बसले होते. "ट्रान्सफर फी शून्य" असं स्क्रीनवर लिहिलेलं. पोचले चौथ्या दिवशी, आणि मी हिशेब केला होता त्यापेक्षा बरेच कमी. बँकेला विचारलं तर म्हणे आम्ही काहीच कापलेलं नाही.

तर आता जायच्या आधी नीट बसवून घ्यायचंय. आत्ताच्या देशातला नंबर बंद करू की ठेवू? ठेवला तर कसा? ई-सिम (प्लास्टिकच्या कार्डाशिवाय फोनमध्येच उतरवून घ्यायचं सिम) घ्यावं का? आणि दर महिन्याला घरी पैसे पाठवायला खात्रीचा मार्ग कुठला, मधल्यामधे पैसे जातात कुठे? ज्यांनी हे केलंय त्यांनी प्लीज सांगा.

रोमिंगमधला

ताई, नंबर बंद करायची अजिबात घाई करू नका. बहुतेक जण इथेच फसतात, निघायच्या आठवड्यात फोनचं कनेक्शन बंद करून येतात आणि मग कळतं की बँकेत नवा नंबर नोंदवायलासुद्धा जुन्या नंबरवर ओटीपी लागतो. जुना आणि नवा दोन्ही नंबर दोनतीन महिने तरी एकदम चालू राहिले पाहिजेत, त्या काळात एकेक करून सगळं हलवायचं. आजच कागद घ्या आणि जुन्या नंबरला काय काय बांधलेलं आहे ते लिहून काढा, बँका, कार्डं, ईमेल, टॅक्सचं पोर्टल, विमा, पगाराचं ॲप. माझी यादी २३ निघाली होती, मला वाटत होतं सात-आठ असतील.

मग जिथे जिथे चालतंय तिथे एसएमएसऐवजी ऑथेंटिकेटर ॲप लावा. त्यातला सहा आकडी कोड फोनमध्येच तयार होतो, सेट करताना मिळालेली गुप्त किल्ली आणि घड्याळातली वेळ यांवरून, दर ३० सेकंदांनी नवा. त्याला सिम लागत नाही, नेटवर्क लागत नाही, विमानात बसूनही चालतो. फक्त बॅकअप कोड कागदावर लिहून वेगळे ठेवा.

नंबर देशाबाहेर पोर्ट होत नाही, देशाचा कोड त्याला चिकटलेला असतो. त्यामुळे ठेवायचा असेल तर तिथल्याच ऑपरेटरकडे ठेवायचा, पोस्टपेडवरून प्रीपेडवर किंवा सगळ्यात स्वस्त प्लॅनवर जा आणि किती दिवसांत किमान रिचार्ज किंवा वापर लागतो ते लेखी विचारून घ्या, प्रत्येक ऑपरेटरचं वेगळं असतं. सोडून दिलेला नंबर काही काळाने दुसऱ्याला दिला जातो हे विसरू नका. अमेरिकेत तर बंद झालेला नंबर किमान ४५ दिवस बाजूला ठेवायचा असा नियम आहे, त्यानंतर तो कोणालाही जाऊ शकतो, मग तुमचे बँकेचे मेसेज त्या माणसाला.

परदेशात त्या लाईनचं डेटा रोमिंग बंद ठेवा पण लाईन चालू ठेवा, बऱ्याच ऑपरेटरचा रोमिंगमध्ये येणारा एसएमएस फुकट असतो, तेवढं एकदा विचारून घ्या. अजून एक, जे मला बिल आल्यावर समजलं: कॉल उचलला नाही की तो व्हॉइसमेलला वळतो, आणि रोमिंगमध्ये तो आधी तुमच्यापर्यंत येतो आणि मग परत मूळ देशात जातो, त्याचे दोन्ही बाजूंचे पैसे लागू शकतात. निघायच्या आधी ##००२# डायल करा, सगळी कॉल फॉरवर्डिंग रद्द होतात.

फोन जुना असेल तर व्हीओएलटीई, म्हणजे फोरजी नेटवर्कवरून साधा कॉल, चालतंय का बघा. अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांनी २०२२ मध्ये थ्रीजी बंद केलं, ऑस्ट्रेलियात २०२४ मध्ये गेलं, तिथे जुना फोन नेट दाखवतो पण साधा कॉल लागत नाही. युरोपियन युनियनमध्ये जात असाल तर तिथे १५ जून २०१७ पासून एका देशाचं सिम दुसऱ्या देशात जादा पैसे न लागता चालतं, पण ती सोय प्रवासापुरती आहे, चार महिन्यांच्या वापरात तुम्ही बाहेरच जास्त दिसलात तर ऑपरेटर विचारतो. आणि स्वित्झर्लंड त्यात येत नाही, सीमेजवळ राहणाऱ्यांचा फोन पलीकडचं नेटवर्क पकडतो, तिथे नेटवर्क हाताने निवडून ठेवायचं.

टेबल_नंबर_चार

अगं तुझे पैसे कुठे गेले ते मी सांगते, मी बँकेत परदेशी व्यवहारांच्या टेबलावर बरीच वर्षं काढली आहेत आणि रोज हाच प्रश्न यायचा.

"फी शून्य" लिहिलेलं असलं की आधी रेट बघायचा. समज बाजारात एका चलनाच्या एका एककाला दुसऱ्या चलनाचे ५० मिळतायत, आणि तुला दिला ४८.५०. तू १,००० पाठवलेस, मिळायला हवे ५०,०००, पोचले ४८,५००. फी शून्यच, पण ३ टक्के गेले. म्हणून फी विचारूच नकोस, एकच प्रश्न विचार, माझ्या खात्यातून एवढे गेले तर समोरच्याच्या हातात नक्की किती पडणार? तो आकडा दोनतीन ठिकाणी एकाच वेळी काढून बघ, एकाच वेळी अशासाठी की रेट दिवसभर हलतो. आणि शनिवार-रविवारी चलनबाजार बंद असतो तेव्हा काही सेवा रेटमध्ये थोडं जास्त मार्जिन धरतात, घाई नसेल तर कामाच्या दिवशी पाठव.

आता दुसरं. स्विफ्टने पैसे जातात असं आपण म्हणतो, पण स्विफ्ट म्हणजे फक्त निरोप. १९७३ मध्ये बेल्जियममध्ये बँकांनी मिळून ती सुरू केली, एका बँकेचा निरोप दुसऱ्या बँकेला खात्रीने पोचावा म्हणून. पैसे हलतात ते बँकांनी एकमेकींकडे उघडलेल्या खात्यांतून, आणि तुझ्या बँकेचं आणि बाबांच्या बँकेचं एकमेकींकडे खातंच नसेल तर मधे एक किंवा दोन बँका लागतात. त्या मधल्या बँका आपला आकार त्याच रकमेतून कापून घेतात. फॉर्मवर चार्जेसचा एक रकाना असतो, ओयूआर, एसएचए किंवा बीईएन. ओयूआर म्हणजे सगळा आकार पाठवणाऱ्याचा, एसएचए म्हणजे दोघांत वाटून, बीईएन म्हणजे सगळा घेणाऱ्याच्या रकमेतून. बरेचदा एसएचए आधीच निवडलेलं असतं आणि कोणी बघत नाही. तुझी बँक म्हणाली आम्ही कापलं नाही, ते खरंही असेल, मधल्या बँकेने कापलं असणार.

पुढच्या वेळी पैसे अडकले तर बँकेकडे यूईटीआर माग, ३६ अक्षरांचा क्रमांक असतो, त्यावरून पैसे आत्ता कुठल्या बँकेत थांबलेत ते त्यांना दिसतं. "बघतो, सांगतो" एवढ्यावर समाधान मानायचं नाही, तो क्रमांक असतोच.

दर महिन्याला पाठवायचे असतील तर ऑनलाइन रेमिटन्स सेवा, म्हणजे परदेशातून घरी पैसे पाठवायचं ॲप, बहुधा स्वस्त पडते, कारण त्यांची दोन्ही देशांत खाती असतात, तू इकडच्या खात्यात भरतेस, ते तिकडच्या खात्यातून बाबांना देतात, सीमा ओलांडून प्रत्येक वेळी पैसे पाठवावेच लागत नाहीत. वाईज २०११ मध्ये सुरू झाली ती याच पद्धतीवर. पण सेवा त्या देशात परवाना घेतलेली आहे ना हे नियामकाच्या वेबसाईटवर जाऊन तपास, ॲपमध्ये लिहिलंय म्हणून विश्वास ठेवू नकोस. जगभरात घरी पैसे पाठवायचा सरासरी खर्च अजूनही ६ टक्क्यांच्या वर आहे, संयुक्त राष्ट्रांनी २०३० पर्यंत ३ टक्क्यांच्या खाली आणायचं ठरवलंय. घाम गाळून कमावलेल्या पैशातले एवढे वाटेत जातात याचं मला खरंच वाईट वाटतं, म्हणून एवढं लिहिलं.

सामान_बांधतेय

काकू, आत्ता बँकेचा तो फॉर्म उघडून बघितला, एसएचएच आहे! सहा वर्षं मी तो रकाना वाचलाच नव्हता. दादा, तुमच्या यादीच्या नादात बसले तर १९ पर्यंत आलेय, अजून ईमेल चाळतेय. एकच शंका, मूळ देशातलं सिम पण ई-सिम करून घेऊ का, म्हणजे ट्रे उघडायची कटकट जाईल?

दोन_खिडक्या

इथे मी जरा वेगळं सांगेन. मूळ देशाचा नंबर प्लास्टिकच्या सिमवरच ठेवा आणि नव्या देशाचं ई-सिम घ्या, उलट करू नका. फोन पडला, फुटला, चोरीला गेला तर प्लास्टिकचं सिम काढून कुठल्याही फोनमध्ये घालता येतं. ई-सिम मात्र ऑपरेटरकडून परत काढावं लागतं, त्यासाठी कधी दुकानात जावं लागतं, कधी त्याच नंबरवर ओटीपी येतो, परदेशात बसून दोन्ही अवघड. माझ्या भावाचा फोन पाण्यात गेला तेव्हा तो दोन महिने मूळ देशातल्या खात्यात शिरू शकला नाही, पैसे असून. फक्त नवा फोन घेताना सिमची जागा आहे ना बघा, अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनमध्ये १४ पासून ट्रेच नाही. आणि सिमला पिन म्हणजे आकडी कुलूप लावा, नाहीतर चोर ते दुसऱ्या फोनमध्ये घालून तुमचे ओटीपी वाचत बसेल. प्रवाशांसाठी जी ई-सिम मिळतात ती बहुतेक नुसत्या डेटाची असतात, नंबर नसतो, पहिल्या आठवड्याला ठीक आहेत. इंटरनेटवरचे नंबर अनेक बँका ओटीपीसाठी स्वीकारत नाहीत, त्यावर विसंबू नका.

पैशांच्या बाबतीत, पाठवायचा एकच मार्ग ठेवू नका. मी देश बदलल्यावर एका ॲपमध्ये पत्ता बदलला आणि त्यांनी कागदपत्रं तपासायला खातं गोठवलं, १९ दिवस. त्यांची चूक म्हणत नाही, नियमाने ते तपासणारच, पण त्या १९ दिवसांत घरभाडं द्यायचं होतं आणि माझ्याकडे दुसरा रस्ता नव्हता. त्यामुळे दोन सेवा, दोन्हींवर ओळख तपासून झालेली, दोन्हींतून छोटी रक्कम एकदा पाठवून बघितलेली, हे निघायच्या आधीच. पत्ता आणि कर-निवास (तुम्ही कुठल्या देशाचे करदाते ते) बदलल्याचं बँकांना स्वतःहून कळवा, देश एकमेकांना खात्यांची माहिती देतात, लपवून काही साधत नाही आणि नंतर खातं बंद करायची नोटीस येते.

अजून एक कळकळीने सांगतो. तिकडे गेल्यावर कोणीतरी ओळखीचा भेटेल, म्हणेल तू मला इथे दे, माझा माणूस तिकडे देईल, रेट पण चांगला. किंवा म्हणेल तुझ्या खात्यात माझे पैसे येऊ देत, तू पुढे पाठव. दोन्हीला सरळ नाही म्हणा, माणूस कितीही चांगला वाटला तरी. ते पैसे कुठून आलेत हे तुम्हाला माहीत नसतं आणि खातं तुमच्या नावावर असतं.

रोमिंगमधला

दोन_खिडक्या यांचं पटलं, सिमबद्दल मी हे लिहायला हवं होतं. व्हॉट्सॲपचं पण सांगतो, नंबर बदलायचा असेल तर त्यातल्या "चेंज नंबर"नेच बदला, ॲप काढून परत टाकू नका, ग्रुप आणि चॅट तसेच राहतात. बदलायचा नसेल तर जुन्याच नंबरवर चालू दे, काही बिघडत नाही, फोन बदलताना मात्र ते सिम हाताशी लागतं.

सामान_बांधतेय

सगळ्यांचे मनापासून आभार. आठ दिवसांनी लिहितेय. सिम पासपोर्टच्या कव्हरमधून निघून फोनमध्ये बसलंय, पिन लावलाय, ##००२# केलं. वर्षभराचा रिचार्ज मारला आणि त्याची तारीख आईच्या कॅलेंडरवर पण लिहून ठेवायला सांगितली, कारण त्या दिवशी वाचवलं तिनेच. यादी २६ वर थांबली, १७ ठिकाणी ऑथेंटिकेटर लागला, उरलेल्या नऊ ठिकाणी एसएमएसशिवाय सोयच नाही त्यामुळे आत्ताच्या देशातला नंबरही स्वस्त प्लॅनवर ठेवतेय. दोन सेवांतून छोटी रक्कम पाठवून बघितली, एकीचे २० मिनिटांत पोचले आणि सांगितलेला आकडा तंतोतंत, दुसरीचे परवा पोचले, ते पण पूर्ण. बाबांनी दोन्ही वेळा पासबुक भरून आणून फोटो पाठवला. उद्या बँकेत कर-निवासाचा फॉर्म भरायला जातेय, काही अडलं तर इथेच विचारते.