बायोसला एसएसडी दिसते, विंडोज ११च्या इन्स्टॉलरला दिसत नाही. डिस्क खरंच गेली का?

छापखाना_मिरज | १२ नोव्हेंबर, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. मिरजेत माझं डीटीपीचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, वास्तुशांत, बारशाची कार्डं. तुळशीची लग्नं लागली की मान वर करायला सवड नसते, आणि नेमकं आत्ताच घोडं अडलंय.

दुकानातला डेस्कटॉप चौथ्या पिढीचा आय३. त्यावर विंडोज ११ चढत नाही आणि १०चा सपोर्ट मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ला संपवला. म्हणून भाच्याने पुण्याहून वापरलेला लॅपटॉप घेऊन दिला. ११व्या पिढीचा आय५, ८ जीबी रॅम, ५१२ची एनव्हीएमई एसएसडी, म्हणजे बोर्डावरच बसणारी वेगवान डिस्क. आधीच्या मालकाने त्यात काय काय भरून ठेवलंय देव जाणे, सुरू होईतो माझा चहा पिऊन होतो. दोन आठवडे तसाच ओढला. आज म्हटलं, सगळं पुसून कोरं विंडोज टाकू.

मीडिया क्रिएशन टूलने पेनड्राइव्ह बनवला. त्यावरून बूट झालं, भाषा निवडली, पुढे पुढे गेलो, आणि विंडोज कुठे टाकायचं ते विचारणाऱ्या पानावर यादी कोरी. एकही ड्राइव्ह नाही. खाली फक्त ड्रायव्हर (विंडोजला हार्डवेअरशी बोलायला शिकवणारा प्रोग्राम) लोड करायची एक ओळ. शिफ्ट आणि एफ१० दाबून काळी खिडकी उघडली, डिस्कपार्टमध्ये 'लिस्ट डिस्क' दिलं. तिथे एकच डिस्क, ती म्हणजे माझा पेनड्राइव्ह.

गंमत अशी की बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी जागं होणाऱ्या मशीनच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, एसएसडीचं नाव, नंबर सगळं दिसतं. पेनड्राइव्ह काढला की जुनं विंडोज निमूट सुरू होतं, फायली उघडतात, पत्रिका करायचं कोरल चालतं.

बाजारातल्या एका रिपेअरवाल्याला दाखवला. पाच मिनिटं बघून म्हणाला, "एसएसडी वीक झालीय काका. नवीन टाकू, ३८०० होतील." वीक झाली तर जुनं विंडोज कसं चालतं म्हटल्यावर, "जाता जाता चालतात कधी कधी." म्हणजे विझणारा दिवाच की! मला काही पटलं नाही, लॅपटॉप उचलून घरी आलो.

२००६-०७ साली मी गल्लीत सगळ्यांना एक्सपी टाकून द्यायचो. साटा डिस्क नवीन आल्या तेव्हा असंच व्हायचं, निळ्या पडद्यावर 'एकही हार्ड डिस्क सापडली नाही'. मग सुरुवातीलाच एफ६ दाबायचं, एस दाबायचं आणि फ्लॉपीवरून ड्रायव्हर पाजायचा. हा तोच प्रकार आहे का? इतक्या वर्षांनी?

खटपट्या | रात्री ९:४८

काका, ३८०० खिशातच राहू द्या. तोच प्रकार आहे, फक्त फ्लॉपी गेली.

इंटेलने २०२०च्या ११व्या पिढीपासून लॅपटॉपच्या प्रोसेसरमध्ये व्हीएमडी नावाचा कंट्रोलर दिलाय. आधी तो सर्व्हरवर असायचा, बऱ्याच एनव्हीएमई डिस्क एकत्र बांधायला. एरवी एनव्हीएमई थेट पीसीआय एक्सप्रेसवर लटकते आणि तिचा ड्रायव्हर विंडोजमध्ये ८.१पासून आयताच असतो. व्हीएमडी चालू असला की डिस्क त्याच्या मागे जाते. वाड्यात शिरायचं तर आधी देवडी लागते, तसं. आणि देवडीवर बसलेल्या माणसाची भाषा इन्स्टॉलरला येत नाही, कारण त्याचा ड्रायव्हर पेनड्राइव्हमध्ये नसतो. बायोसला त्याची भाषा येते. तुमच्या जुन्या विंडोजमध्येही तो ड्रायव्हर कंपनीने आधीच घालून दिलेला असणार.

बायोसमध्ये जा, ॲडव्हान्स्ड किंवा कॉन्फिगरेशनमध्ये व्हीएमडी कंट्रोलर शोधा, बंद करा, सेव्ह करा. डिस्क दिसेल. ओळच सापडली नाही तर सांगा. काही एसरच्या लॅपटॉपांत ती लपवलेली असते, मेन पानावर उभं राहून कंट्रोल आणि एस दाबलं की उगवते.

छापखाना_मिरज | रात्री ११:३६

गडबड झाली. कृपया कोणी जागं असेल तर बघा.

व्हीएमडी सापडला, बंद केला. इन्स्टॉलरमध्ये डिस्क लख्ख दिसली, ४७६.९ जीबी, चार पार्टिशन. इतका आनंद झाला की डिलीट दाबायला बोट गेलंच होतं. तेवढ्यात आठवलं, या आठवड्यातल्या तीन पत्रिका याच लॅपटॉपवर केल्यात. मजकूर मुलीकडच्यांनी दोनदा बदललेला, आणि शेवटची प्रत फक्त यातच. म्हणून इन्स्टॉलरमधून बाहेर आलो, म्हटलं जुन्या विंडोजमध्ये जाऊन आधी कॉपी करू.

तर आता निळा पडदा! 'इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस'. मग आपोआप रीस्टार्ट, परत तेच. आता तर दुरुस्तीचं पान आलंय आणि 'रीसेट धिस पीसी' विचारतंय. मी काही पुसलेलं नाही, देवाशपथ. रिपेअरवाला खरं बोलत होता की काय असं वाटायला लागलंय. बायको म्हणते झोपा आता. झोप कुठली लागतेय. त्यातल्या एका लग्नाला सोळा दिवस आहेत.

रात्रपाळी | रात्री ११:४४

काका, कशालाही हात लावू नका. रीसेट तर मुळीच नको.

लॅपटॉप बंद करा. बायोसमध्ये जाऊन व्हीएमडी परत चालू करा, सेव्ह करा, पेनड्राइव्ह काढून सुरू करा. बस.

छापखाना_मिरज | रात्री ११:५५

आलं! अगदी पहिल्यासारखं आलं. ताई असाल किंवा दादा असाल, हात जोडतो. तिन्ही पत्रिका पेनड्राइव्हवर घेतल्या, शिवाय स्वतःलाच मेल केल्या.

पण हे झालं काय?

रात्रपाळी | रात्री १२:१५

ताई. कॉलेजची लॅब सांभाळते, दर उन्हाळ्यात चाळीस मशीनवर हेच चालतं, म्हणून पाठ झालंय.

ते जुनं विंडोज व्हीएमडीच्या ड्रायव्हरवरून सुरू व्हायला शिकलेलं. तुम्ही देवडीच काढून टाकलीत, त्यामुळे त्याला स्वतःचीच डिस्क सापडेना. डेटाला काही होत नाही, सेटिंग मागे फिरवली की पुन्हा उठतं. तुमचं नशीब, डिस्कवर बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावायचं कुलूप) नव्हता. तो असला तर अशा बदलानंतर ४८ आकडी रिकव्हरी की मागू शकतो, आणि ती की आधीच्या मालकाच्या खात्यात असती तर तुम्ही पुण्याला फोनच लावत बसला असतात. @खटपट्या, हे आधी सांगायला हवं होतंस.

आता पुढचं. व्हीएमडी बंद करून कोरं विंडोज टाकलं तर चालतं, एकच डिस्क असलेल्या माणसाचं काही अडत नाही. पण मी लॅबमध्ये तसं करत नाही. कधीतरी बायोस अपडेट होतं नाहीतर कोणी डिफॉल्ट लोड करतं, व्हीएमडी गुपचूप परत चालू होतो आणि मुलं ओरडत येतात, मॅडम निळा पडदा. त्यापेक्षा चालूच ठेवा आणि इन्स्टॉलरला ड्रायव्हर द्या.

छापखाना_मिरज | १३ नोव्हेंबर, सकाळी ७:२०

डेस्कटॉपचा सेल दर दीडदोन वर्षांनी उतरतो, तारीख मागे जाते आणि बायोसची सेटिंगही मूळपदावर येते, तेव्हा तुमचं म्हणणं लगेच पटलं. ड्रायव्हरच देतो.

पहाटे उठून इंटेलच्या साइटवरून रॅपिड स्टोरेजची (व्हीएमडीचा ड्रायव्हर त्यातच असतो) सेटअप फाइल उतरवली, इन्स्टॉलरच्या पेनड्राइव्हवर टाकली. ब्राउझ करून फोल्डर दाखवला तर म्हणतो यात काहीच नाही. फाइल तर डोळ्यांसमोर आहे. आता काय नैवेद्य दाखवू याला?

रात्रपाळी | सकाळी ८:०५

इन्स्टॉलरला ईएक्सई समजत नाही. झिपही नाही. त्याला आयएनएफ फाइल लागते आणि तिच्या शेजारची भावंडं, सुटी सुटी. शिवाय ड्रायव्हर तुमच्याच पिढीचा हवा, सगळ्यात नवा तो सगळ्यात चांगला असं इथे चालत नाही.

पण काका, तुमचं काखेत कळसा आणि गावाला वळसा चाललंय. जुनं विंडोज चालतंय ना? मग ड्रायव्हर घरातच आहे, तुमच्या मशीनवर सिद्ध झालेला.

पेनड्राइव्हवर ड्रायव्हर नावाचा रिकामा फोल्डर आधी बनवा, आपोआप बनत नाही. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा. इंग्रजीत असं टाइप करा: पीएनपीयुटिल, मग जागा, स्लॅश लावून एक्स्पोर्ट-ड्रायव्हर (मधे आडवी रेघ), जागा, तारका, जागा, आणि त्या फोल्डरचा पत्ता. त्या मशीनमध्ये विंडोजबाहेरचे जेवढे ड्रायव्हर घातलेत, तेवढे सगळे वेगवेगळ्या फोल्डरांत येऊन पडतील. वायफाय, टचपॅड, सगळं. जुनं विंडोज पुसायच्या आधी हे प्रत्येकाने करून ठेवावं असं माझं मत आहे, डिस्क दिसत असली तरी.

खटपट्या | सकाळी ८:३१

कान पकडले. सवयीने बंदच करायला सांगतो, कारण माझ्याकडे येतात त्यांचं जुनं विंडोज आधीच मेलेलं असतं.

छापखाना_मिरज | १३ नोव्हेंबर, रात्री १०:०२

झालं एकदाचं. नंतर येणाऱ्यांसाठी सविस्तर लिहितो.

दुकान बंद करून बसलो. ताईंची ती तारकेची कमांड दिली, दोनतीन मिनिटं ओळी पळत होत्या. पेनड्राइव्हवर पन्नासेक फोल्डर आले, नावं वाचून चक्कर येईल अशी. त्यातला 'आयएएसटीओआरव्हीडी'ने सुरू होणारा तो आपला. व्हीएमडीला बोट लावलं नाही.

इन्स्टॉलरमध्ये ड्रायव्हर लोड करायच्या ओळीवर गेलो, ब्राउझ, तो फोल्डर. या वेळी यादीत दोन नावं आली, दोन्ही इंटेल आरएसटी (तेच रॅपिड स्टोरेज) व्हीएमडीची. एकाच्या शेवटी '९ए०बी', दुसऱ्याच्या शेवटी '०९एबी'. दोन्ही सारखीच वाटली म्हणून चष्मा पुसून परत वाचली. ९ए०बी निवडून पुढे दाबलं. पट्टी हळूहळू सरकली, आणि ड्राइव्ह झीरो, ४७६.९ जीबी.

चारही पार्टिशन उडवली, मोकळ्या जागेवर विंडोज टाकलं, साधारण वीस मिनिटं लागली. मग नेटवर्कच्या पानावर वायफायची यादी कोरी! पण आता घाबरलो नाही. त्या पानावरही ड्रायव्हर घालायचं बटण आहे, तोच पेनड्राइव्ह दाखवला, वायफाय आलं.

कोरल चढवलं, फॉन्टचा डोंगल लावला, पहिली पत्रिका उघडली. जोडाक्षरं जागेवर आहेत.

उद्या त्या रिपेअरवाल्याच्या दुकानावरून जाणं आहे. बोलावं की नाही ते ठरवलं नाही. माणूस वाईट नाही, मागे माझा प्रिंटर त्यानेच जिवंत केलाय.

सातवी_मात्रा | १५ नोव्हेंबर, दुपारी १:४०

काका, धागा वाचून माझ्याही आशा वाढल्या. पण माझी एम.२ एसएसडी बायोसमध्येही दिसत नाही. डेस्कटॉप आहे, डिस्क नवी, दुसऱ्या मशीनवर चालते. व्हीएमडी बंद करून, चालू करून पाहिलं.

रात्रपाळी | १५ नोव्हेंबर, दुपारी २:१२

मग तुमचं दुखणं वेगळं. डिस्क बाहेर काढून तिच्या सोनेरी दातांकडे बघा. खाचा दोन आहेत का एक? दोन असतील तर बहुतेक ती साटा एम.२ आहे, आणि तुमच्या बोर्डाचा तो स्लॉट फक्त एनव्हीएमई घेत असेल. बसते व्यवस्थित, स्क्रूही लागतो, पण दिसत कधीच नाही. बोर्डाच्या पुस्तिकेत त्या स्लॉटपुढे काय लिहिलंय ते इथे टाका.

सातवी_मात्रा | १५ नोव्हेंबर, दुपारी २:३०

दोन खाचा. बिल शोधतो आता.