मामाकडून जुने टायर मिळतायत, जागेवर काय करू?

उतारावरचा: पौडच्या पुढे दहा गुंठे जागा आहे, सगळी उताराची. मामाचा ट्रान्सपोर्टचा धंदा, तो म्हणतो पंचवीसेक टायर पडलेत ने, ट्रकचे पण आहेत कारचे पण. विचार आहे की उताराला ताल, म्हणजे माती अडवणारी भिंत घालावी आणि उरलेल्यांत टोमॅटो, मिरची. पण कापायचे कसे? ग्राइंडर लावला तर नुसता धूर, बायकोने कपड्यांसकट बाहेर उभं केलं.

डोणजेकर: ग्राइंडर सोड. कारच्या टायरला बाजूच्या रबरात तार नसते, आतल्या गोल कडेला जाड तार असते ती सोडून चार बोटं बाहेर सुरी खुपस आणि साबणाचं पाणी मारत फिरव. नक्षीकडच्या भागात तारांची जाळी असते तिथं जाऊ नको. ट्रकचे रेडियल असतील तर त्यांच्या बाजूतही तारा, ते अख्खेच वापर. हातमोजे घाल रे, माझ्या अंगठ्याला तीन टाके आहेत.

मावळची माळीण: टोमॅटो नको. रबरात जस्त असतं, तेलं असतात, थोडं का होईना मातीत उतरतं, आणि आपल्या एप्रिलच्या उन्हात काळा टायर असा तापतो की कडेची मुळं भाजतात. झेंडू लाव, शेवंती लाव. आणि एकही टायर पावसात तसाच पडू देऊ नका, कसाही ठेवला तरी आतल्या पोकळीत पाणी राहतं, आठ-दहा दिवसांत डेंगीचे डास तयार. पाणी आटलं तरी अंडी महिनोन्महिने टिकतात.

दूधवाला: आमच्याकडे टायर मुरघासाच्या, म्हणजे आंबवून साठवलेल्या हिरव्या चाऱ्याच्या कागदावर वजनाला लागतात 😀 तालीचं म्हणशील तर प्रत्येक टायरात मुरूम टाकून घणाने ठोकायचा, टायरचं पोट फुगेपर्यंत, एकेका टायरला अर्धा तास जातो आणि खांदे जातात ते वेगळे. वरचा थर विटांसारखा सांधा मोडून आणि चार बोटं मागे. कमरेच्या वर एकट्याने चढवू नको. उचलताना आधी पायाने ढोसून बघ, घोणस बसते आत.

उतारावरचा: टोमॅटो कॅन्सल. तालीच्या मागे नुसती खडी पुरेल का पाइप पण टाकू?

दूधवाला: मुळशीचा पाऊस आहे बाबा, दोन्ही टाक. पाइप तळाला, भोकं पाडलेला, आणि खडी धुतलेली घे, मातीसकट टाकलीस तर एका पावसाळ्यात बुजते. आमची बुजली, मग अख्खी ताल पोट काढून पुढे आली.