तावदान म्हणजे काच की खिडकी?

ओसरी:
एका मासिकासाठी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसवरचा लेख मराठीत करतेय. १८५१ च्या प्रदर्शनासाठी जोसेफ पॅक्स्टनने हाईड पार्कात लोखंड आणि काचेचा जो अवाढव्य मांडव उभारला ना, तोच. बर्मिंगहॅमजवळ स्मेथिकला चान्स ब्रदर्सचा कारखाना होता, त्यांनी त्यासाठी जवळजवळ ३ लाख काचा पुरवल्या, ४९ इंच लांब आणि १० इंच रुंद, आणि सगळ्या तोंडाने फुंकून केलेल्या! मी लिहिलं "तीन लाख तावदानं". संपादकांनी खोडलं. त्यांच्या मते तावदान म्हणजे चौकटीत बसलेली खिडकी, कारखान्यातून निघते ती नुसती काच. पण आमची साताऱ्याची आजी "चेंडू मारून तावदान फोडलं" असंच म्हणायची, आणि चेंडूने चौकट तर फुटत नाही. कोण बरोबर?

जुनावाडा:
तुम्ही बरोबर. पुण्याच्या वाड्यांतली रंगीत तावदानं म्हणतो तेव्हा रंग काचेलाच असतो की.

करवंद:
मला नाही पटत. मी गोव्याची, आमच्या जुन्या घराच्या खिडक्यांना काच नव्हतीच, शिंपले होते. समुद्रातले चपटे पातळ शिंपले चौकोनी कापून लाकडी पट्ट्यांच्या जाळीत सरकवलेले, दुपारी त्यातून दुधासारखा उजेड यायचा. गोव्यात अशा खिडक्या अजून आहेत, काच महाग होती तेव्हाच्या. आई मूळची सावंतवाडीची, ती त्यालाही तावदानच म्हणते. म्हणजे ज्यातून उजेड आत येतो ते तावदान, मग ते कशाचंही असो.

फुंकर:
मला कायम वाटत आलंय की हा ताव म्हणजे आपला लोहाराचा ताव. लोखंडाला ताव देतात तसा काचेलाही द्यावा लागतो, तावून काढलेली म्हणून तावदान. शिवाय कागदाचाही ताव असतोच, तसाच हा काचेचा ताव.

तिरफळ:
नाही हो, सरळ फारसी शब्द आहे, ताबदान. पानदान, अत्तरदाणी यांतलं दान-दाणी तेच इथे. ताब म्हणजे तेज, उजेड. उजेडाची जागा ती ताबदान, म्हणजे अर्थाने करवंद जिंकल्या.
(फुंकर, तुमचंही अगदीच वाया नाही, फारसीत ताबचा अर्थ उष्णता असाही आहे.)

शब्दांकुर:
फारसी आहे तर मग सोडाच की. काचफलक लिहा. स्वच्छ शब्द आहे आणि कुणालाही कळेल.

जुनावाडा:
कुणाला कळेल? आमचा सुतार "काच बसवून लांबी (म्हणजे पुट्टी) भरतो" म्हणतो, त्याला काचफलक म्हटलं तर दुकानाची पाटी करून आणेल. तावदान तीन-चार पिढ्या घरात बोललं गेलंय, ते फारसी म्हणून परकं कसं? मग खिडकीचा पडदा पण काढून टाका, तोही फारसीच.

शब्दांकुर:
बोलण्यात राहू दे ना. मी लेखनाबद्दल बोलतोय.

फुंकर:
व्युत्पत्ती राहू दे, पण ओसरी, "फुंकून केलेल्या" हे जरा उलगडून लिहा, नाहीतर वाचक बाटलीच डोळ्यासमोर आणेल. मी वीस वर्षं प्रयोगशाळेची काचेची उपकरणं बनवतोय म्हणून सांगतो. सपाट काच फुंकायच्या दोन रीती होत्या. जुनी म्हणजे फुगा फुंकायचा, तो दुसऱ्या सळईवर घ्यायचा, परत तापवायचा आणि गरगर फिरवायचा की तो उघडून चार-पाच फुटांची चकती होते. मधे सळईची गाठ राहते, त्यामुळे मोठा तुकडा निघतच नाही. दुसरी रीत नळकांड्याची. लांब नळकांडं फुंकायचं, दोन्ही टोकं कापायची, उभी चीर द्यायची आणि भट्टीत ठेवायचं, तिथे ते मऊ होऊन पुस्तकासारखं उघडतं आणि सपाट होतं. चान्सने ही पद्धत १८३२ मध्ये फ्रान्सच्या जॉर्ज बाँताँच्या मदतीने इंग्लंडात आणली. ४९ इंचांचा तुकडा चकतीतून कसा निघणार? नळकांड्यामुळेच तो मांडव झाला. आणि १८४५ ला काचेवरचा कर उठला हेही घाला, तो वजनावर होता.

ओसरी:
हे अप्रतिम आहे, घालते! पण नळकांडं उघडून निघालेल्या त्या पत्र्याला म्हणू काय?

जुनावाडा:
जुन्या काचा खाली जाड असतात कारण काच हळूहळू वाहते असं शाळेत शिकवलं होतं. त्या चकतीमुळे असेल का ते?

फुंकर:
चकतीमुळेच. तिची जाडी सगळीकडे सारखी नसते आणि बसवणारे बहुधा जाड कड खाली ठेवत. काच शंभर-दोनशे वर्षांत अशी वाहत नाही. आज जी एकसारखी काच मिळते ती वितळलेल्या कथलावर तरंगवून करतात, पिल्किंग्टनने ती १९५९ मध्ये जाहीर केली.

तिरफळ:
काचेवरून आठवलं, काचबिंदूतली काच कुठली? आयुर्वेदात काच नावाचा डोळ्याचा विकार आहे, तिमिराच्या पुढचा. तिथूनच आली असणार.

जुनावाडा:
आणि काचणे? नवीन बांगडी मनगटाला काचते.

तिरफळ:
तो काच पुल्लिंगी, जाच-काच मधला. बांगडीची काच स्त्रीलिंगी. दोन्ही एक करू नका.

माजघर:
कंदिलाच्या काचेला कोणी चिमणी म्हणतं का? आमच्याकडे चिमणी म्हणजे पत्र्याची वातीची, तिला काचच नसते. ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील होता घरी, त्याची काच रोज संध्याकाळी राखेने पुसायचं काम माझं. गरम असताना पाण्याचा थेंब पडला की तडकायची. १९१६ चा तो कारखाना, आणि त्याआधी १९०८ ला तळेगावचा पैसा फंडाचा, लोकांनी एकेक पैसा देऊन उभा केलेला. तिथल्या कामगारांचे शब्द कुणी टिपून ठेवायला हवे होते.

फुंकर:
थेंबाखालची काच एकदम आकसते आणि बाजूची गरमच राहते, त्या ओढाताणीत तडा जातो. बनवल्यावर काच सावकाश निववतात तीही ताण राहू नये म्हणूनच. आम्ही त्याला ॲनीलिंगच म्हणतो.

शब्दांकुर:
त्याला अनुशीतन आहे की!

माजघर:
निववणे आत्ताच बोलले ना ते, आणखी कशाला हवंय?

ओसरी:
उद्या लेख द्यायचाय हो. कारखान्यात "काचा" आणि छपरावर चढल्या की "तावदानं" असं सध्या केलंय. करवंद, आईला एक विचाराल का? शिंपला फुटला तर त्या "तावदान फुटलं" म्हणतात की "शिंपला फुटला"?

करवंद:
विचारलं. म्हणाली, शिंपला फुटत नाही, त्याचे पापुद्रे सुटतात.